लढाई काबूलची, तडे रावळपिंडीला

गोंदियाहून कामठ्याच्या रस्त्याला लागलं की धानाच्या बांध्यांवरून एखादं छोटं विमान गिरकी घेताना हमखास दिसतं. कामठ्याला लागूनच बिरसीचा विमानतळ आहे आणि तिथे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आहे. शिकाऊ पोरं दिवसभर विमान उतरवतात, पुन्हा वर नेतात. बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाया आता मान वर करूनही पाहत नाहीत. ही धावपट्टी इथे का आली, हे मात्र आजच्या पोरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती बांधली. लढाई आधी युरोपात पेटली, मग ब्रह्मदेशापर्यंत आली आणि जमीन सपाट झाली ती तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या या कोपऱ्यात. त्या लढाईबद्दल कामठ्यातल्या कुणालाही कुणी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, हलक्या धानाची कापणी चालू असताना, इथल्याच एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. टीव्हीवर पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेवर डागल्या जाणाऱ्या तोफा दाखवत होते. शेजारी बसलेल्या एका काकांनी विचारलं, “गुरुजी, लढाई त अमेरिकेची अन् अफगाणिस्तानची होती ना? मंग हा पाकिस्तान कायले खिळखिळा झाला? अन् त्याच्यापाशी त अणुबॉम्ब हाये. त्याचं का होईल?”

हे दोन प्रश्न मला गावोगाव विचारले गेले आहेत. पहिल्याचं उत्तर नीट कळलं तरच दुसऱ्याचं कळतं. म्हणून आधी पहिला प्रश्न घेऊ.

१. घराच्या मधून गेलेली रेघ

बाघ नदीच्या अलीकडे गोंदिया, पलीकडे बालाघाट. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही मुलूख एकाच मध्य प्रदेश राज्यात होते. पुढे राज्यं वेगळी झाली, पण सोयरीक काही तुटली नाही. आजही इकडच्या कित्येक घरांत सून बालाघाटकडची असते आणि पोवारी बोलणारी माणसं दोन्ही तीरांवर आहेत. मधली हद्द कागदावर आहे, लग्नाच्या पत्रिका मात्र नदी ओलांडून जातात.

पाकिस्तान-अफगाणिस्तान सीमेची गोष्ट अशीच आहे, फक्त फार जास्त कडू. १८९३ साली ब्रिटिश हिंदुस्थानचे अधिकारी मॉर्टिमर ड्युरँड आणि काबूलचे अमीर अब्दुर रहमान यांच्यात करार झाला आणि सुमारे २,६०० किलोमीटरची एक रेघ ठरली. ही रेघ पश्तून लोकांच्या, म्हणजे आपण ज्यांना पठाण म्हणतो त्यांच्या मुलखातून गेली. एकाच टोळीचे भाऊबंद दोन राज्यांत पडले. १९४७ साली ही रेघ पाकिस्तानच्या वाट्याला वारशानं आली. अफगाणिस्ताननं ती मानली नाही. इतकी मानली नाही, की त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानला सदस्यत्व देण्याच्या विरोधात मत टाकणारा तो एकमेव देश होता. त्यानंतर काबूलमध्ये राजा गेला, कम्युनिस्ट आले, तालिबान आले. रेघेबद्दलची नाराजी कुणीच सोडली नाही.

रेघेच्या पाकिस्तानी बाजूला टोळ्यांचा पट्टा होता. त्यात सात विभाग होते आणि २०१८ पर्यंत तिथे इंग्रजांनी १९०१ साली केलेला सरहद्दीचा कायदा चालत होता. एकानं गुन्हा केला तर सगळ्या टोळीला शिक्षा, असा तो कायदा. तिथल्या माणसाला वकील नव्हता, अपील नव्हतं. पाकिस्तानी राज्याचा हात या पट्ट्यापर्यंत नीट पोचलाच नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

अशा रेघेच्या एका बाजूला लढाई पेटली की काय होतं, हे गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. सालेकसा आणि देवरीच्या जंगलात पोलिसांचा दबाव वाढला की नक्षल्यांचं दलम हद्द ओलांडून मध्य प्रदेशात नाही तर छत्तीसगडात जायचं. तिकडे मोहीम निघाली की पुन्हा इकडे. एका राज्याचा बंदोबस्त म्हणजे दुसऱ्या राज्याची डोकेदुखी, हे इथल्या लोकांनी अनेक वर्षं भोगलं आहे. अभ्यासक याला काहीही नाव देवोत, आपण त्याला लढाईचं सरकणं म्हणू. शेजारी पाणी दाबलं की ते धुऱ्याखालून आपल्या बांधीत उतरतं.

२. पाहुणे, बंदुका आणि पांढरी पूड

डिसेंबर १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये परत गेल्या. या नऊ-दहा वर्षांत रेघेवरून तीन गोष्टी पाकिस्तानात आल्या.

पहिली म्हणजे माणसं. आपल्या जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. ती लहानशीच आहे, पण तिच्यासाठीही जमीन काढून द्यावी लागली, घरं उभी करावी लागली, मुलांच्या शिक्षणाची आणि औषधपाण्याची सोय करावी लागली. आता पाकिस्तानकडे पाहा. १९८० च्या दशकात तिथे सुमारे ३० लाख अफगाण निर्वासित आले. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार भरली होती. म्हणजे असे दोन जिल्हे रिकामे करून आणले तरी हा आकडा भरत नाही. पाकिस्तानची लोकसंख्या तेव्हा साडेआठ कोटींच्या आसपास होती. साधा भागाकार केला तर दर २८ माणसांमागे एक निर्वासित येतो. पेशावरच्या भोवती तंबूंची शहरं उठली. तिथल्या गरीब माणसांनी या लोंढ्याला आपल्यात सामावून घेतलं, हे त्यांचं मोठेपण आहे आणि ते मान्य करायला हवं. पण ज्या छावणीत मुलाला शाळा नसते आणि बापाला काम नसतं, तिथे बंदूक देणारा माणूस सगळ्यांत आधी पोचतो.

दुसरी गोष्ट बंदुका. अमेरिकेचा आणि सौदी अरेबियाचा पैसा, चीन आणि इतर देशांची शस्त्रं, आणि वाटप पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर यंत्रणेकडे, अशी व्यवस्था होती. शस्त्रं कराची बंदरात उतरत, रावळपिंडीला साठत आणि सीमेकडे जात. वाटेत बरीचशी गळत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाकिस्तानी बाजारात कलाश्निकोव्ह सहज मिळू लागली. तिथल्या उर्दू वर्तमानपत्रांत ‘कलाश्निकोव्ह कल्चर’ असा शब्दच रूढ झाला.

यातला एक दिवस जवळून पाहू. १० एप्रिल १९८८. रावळपिंडी आणि इस्लामाबाद या जोडशहरांच्या मधल्या ओझरी छावणीत अफगाण लढवय्यांसाठी आणलेला दारूगोळा साठवला होता. सकाळी तिथे आग लागली आणि रॉकेटं सुटू लागली. ती कुठे जायची हे कुणाच्या हाती नव्हतं. शाळेच्या आवारात, बाजारात, घरांच्या गच्चीवर ती पडत राहिली. सुमारे शंभर माणसं गेली, हजारावर जखमी झाली. मे २०१६ च्या अखेरीस एका रात्री पुलगावच्या दारूगोळा भांडाराला लागलेली आग विदर्भातल्या अनेकांना आठवत असेल. आजूबाजूच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली होती. ओझरीचा साठा तर राजधानीच्या दारात होता आणि तो पाकिस्तानच्या स्वतःच्या लढाईसाठी नव्हताच. पंतप्रधान महंमद खान जुनेजो यांनी चौकशी लावली. लष्करशहा झिया उल हक यांनी मे महिन्याच्या अखेरीस जुनेजोंचं सरकारच बरखास्त केलं. लढाई काबूलकडची होती, पण तिनं पाकिस्तानातलं निवडून आलेलं सरकार खाली ओढलं, ते असं.

तिसरी गोष्ट हेरॉइन. लढाईला पैसा लागतो आणि अफूच्या शेतीतून तो मिळतो. पाकिस्तानात १९७० च्या दशकात हेरॉइनचं व्यसन जवळपास नव्हतंच. दहा वर्षांत व्यसनी माणसांचा आकडा लाखोंच्या घरात गेला.

३. हजार दाण्यांतले सात

आता बॉम्बकडे वळू. इथे थोडं विज्ञान लागेल, पण धानाच्या मुलखात ते समजावणं सोपं आहे.

खाणीतून निघालेल्या युरेनियमचे दाणे मोजता आले असते तर हजारात फक्त सात दाणे कामाचे सापडले असते. उरलेले ९९३ दिसायला तसेच, वजनाला किंचित जड, पण साखळी स्फोट घडवू न शकणारे. बॉम्बसाठी हजारात नऊशेच्या आसपास दाणे कामाचे असावे लागतात. म्हणजे चाळावं लागतं. राइस मिलमध्ये कणी वेगळी काढायला चाळणी पुन्हा पुन्हा फिरवतात, तसं इथे युरेनियमचा वायू उभ्या नळकांड्यांत भयंकर वेगानं फिरवतात. जड भाग कडेला जातो, हलका मधे राहतो. एका फेरीत फरक अगदी थोडा पडतो, म्हणून अशी हजारो नळकांडी एकापुढे एक जोडावी लागतात. ही विद्या नेदरलँड्समध्ये काम केलेले अब्दुल कादिर खान यांनी १९७० च्या दशकात पाकिस्तानात नेली आणि रावळपिंडीजवळच्या काहुटा इथे कारखाना उभा राहिला.

हे अमेरिकेला कळत नव्हतं का? कळत होतं. एप्रिल १९७९ मध्ये अमेरिकेनं याच कारणावरून पाकिस्तानची मदत तोडली होती. आठ महिन्यांनी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि सगळं गणित बदललं. १९८१ साली ३२० कोटी डॉलरची सहा वर्षांची मदत मंजूर झाली. एफ-१६ विमानंही मिळाली. १९८५ साली अमेरिकी संसदेनं एक अट घातली, की पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असं राष्ट्राध्यक्षांनी दर वर्षी लिहून द्यावं, तरच मदत मिळेल. लढाई चालू होती तोवर राष्ट्राध्यक्ष दर वर्षी लिहून देत राहिले. फेब्रुवारी १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा गेल्या. ऑक्टोबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी लिहून देणं थांबवलं आणि मदत तुटली. तोपर्यंत चाळणीचं काम उरकलं होतं. मे १९९८ मध्ये ११ आणि १३ तारखेला भारतानं पोखरणला चाचण्या केल्या आणि २८ तारखेला पाकिस्ताननं चगाईच्या डोंगरात.

या इतिहासातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. ज्या लढाईनं पाकिस्तानात बंदुका आणि टोळ्या पेरल्या, त्याच लढाईच्या आडोशानं तिथला बॉम्बही तयार झाला. दोन्ही पिकं एकाच हंगामातली आहेत.

४. बोडी फुटली

११ सप्टेंबर २००१ रोजी अल कायदानं केलेल्या हल्ल्यानंतर अमेरिका अफगाणिस्तानात उतरली. ऑक्टोबरमध्ये बॉम्बफेक सुरू झाली, डिसेंबरमध्ये तोराबोराच्या डोंगरातून अल कायदाची माणसं निसटली आणि रेघ ओलांडून टोळ्यांच्या पट्ट्यात आली. राज्याचा हात जिथे नीट पोचलाच नव्हता, तोच हा पट्टा.

त्या दिवसांतली एक गोष्ट आपल्याकडे क्वचितच जोडून सांगितली जाते. १३ डिसेंबर २००१ रोजी दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. भारतानं सीमेवर फौज लावली आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. पाकिस्तानची फौज तेव्हा पश्चिम सीमेवर पळून येणाऱ्यांना अडवायला उभी होती. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यातला मोठा भाग उचलून आपल्या सीमेवर आणला गेला. पश्चिमेची फळी उघडी पडली. दोन अण्वस्त्रधारी देशांच्या फौजा जवळपास दहा महिने समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्याच काळात टोळ्यांच्या पट्ट्यातल्या वझिरिस्तानात पळून आलेल्या पाहुण्यांनी घरं थाटली. दोन शेतांना एकच राखणदार असला की कुठलं तरी एक शेत उघडं पडतं.

तिथून पुढे घसरण वेगानं झाली. २००४ साली पाकिस्तानी लष्कर दक्षिण वझिरिस्तानात उतरलं. ज्या टोळ्यांना वीस वर्षं जिहादी म्हणून पाठीवर थाप दिली, त्यांच्यावरच आता तोफा लावायच्या होत्या. जून २००४ मध्ये अमेरिकी ड्रोनच्या हल्ल्यात नेक महंमद हा टोळीप्रमुख मारला गेला आणि ड्रोन हल्ल्यांची मालिका सुरू झाली. राग अमेरिकेवर होता, पण हाताशी होतं पाकिस्तानी सरकार. जुलै २००७ मध्ये इस्लामाबादच्या लाल मशिदीत सैन्य घुसलं. डिसेंबर २००७ मध्ये बैतुल्ला मेहसूदच्या नेतृत्वाखाली तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान ही संघटना जाहीर झाली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला रावळपिंडीत माजी पंतप्रधान बेनझीर भुट्टोंची हत्या झाली. पुढच्या काही वर्षांत आठवड्याला जवळपास एक आत्मघाती हल्ला, अशी पाळी आली. २००९ साली स्वात खोऱ्यातली लाखो माणसं घर सोडून निघाली. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये १३० हून अधिक मुलं मारली गेली. दुसऱ्या दिवशी भारतातल्या शाळांतही मुलांनी उभं राहून मौन पाळलं. शत्रू देशाचं पोर म्हणून कुणाचं मन आखडलं नाही.

लढाई समाजाला आतून कशी पोखरते, याचं आणखी एक उदाहरण देतो. यात बंदूक दिसत नाही. २ मे २०११ रोजी अमेरिकी कमांडोंनी अबोटाबादला ओसामा बिन लादेनला मारलं. त्याचा ठावठिकाणा पक्का करायला त्याआधी तिथे लसीकरणाची बनावट मोहीम चालवली गेली होती. ही गोष्ट उघड झाल्यावर खेडोपाडी लसीकरणावरचा विश्वास उडाला आणि २०१२ पासून पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायांवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. भारत मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान हे दोनच देश असे उरलेत, जिथून हा रोग अजून हटलेला नाही. आपल्या गावात आशाताई दार वाजवते आणि आपण पोराला पुढे करतो. त्या दारामागचा विश्वास मोडायला परक्यांची एक गुप्त मोहीम पुरली.

५. कुलूप कशाचं आहे?

आता काकांचा दुसरा प्रश्न. अतिरेकी आले आणि बॉम्ब उचलून घेऊन गेले, असं होईल का?

सिनेमात दाखवतात तसं होणं फार कठीण आहे. बँकेतलं लॉकर आठवा. एक किल्ली तुमच्याकडे, एक मॅनेजरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. अण्वस्त्रांचंही तत्त्व तेच आहे. पाकिस्तानात फेब्रुवारी २००० मध्ये नॅशनल कमांड अथॉरिटी स्थापन झाली. तिच्या हाताखालचा स्ट्रॅटेजिक प्लॅन्स डिव्हिजन हा विभाग या शस्त्रांची राखण करतो आणि त्याची हजारो जवानांची स्वतंत्र फौज आहे. शांततेच्या काळात स्फोटक भाग आणि क्षेपणास्त्र वेगवेगळे ठेवतात, सांकेतिक आकड्यांशिवाय शस्त्र चालत नाही, कुणी एकटा माणूस काही करू शकत नाही, असं सांगितलं जातं. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार पाकिस्तानकडे सुमारे १७० आणि भारताकडे सुमारे १८० अण्वस्त्रं होती. त्यांतलं एकही चोरीला गेल्याचं आजवर उघड झालेलं नाही.

मग काळजी कशाची? काळजी किल्ली धरणाऱ्या माणसाची. ४ जानेवारी २०११ रोजी पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना इस्लामाबादच्या बाजारात गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी होता त्यांचाच अंगरक्षक. २२ मे २०११ रोजी कराचीच्या मेहरान नौदल तळावर मूठभर हल्लेखोर शिरले, रात्रभर लढले आणि दोन मोठी टेहळणी विमानं जाळली. आतल्या माहितीशिवाय हे शक्य नव्हतं, असं तेव्हा उघडपणे बोललं गेलं. ऑगस्ट २०१२ मध्ये कामरा हवाई तळावर हल्ला झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये तर नौदलाच्याच माणसांनी कराचीत झुल्फिकार ही युद्धनौका ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. कुलूप लोखंडाचं असतं, पण त्यामागचा माणूस त्याच समाजातून आलेला असतो, ज्याला अनेक दशकं लढाईनं ढवळून काढलं आहे.

विद्येची चोरी हा दुसरा धोका आणि तो तर घडूनही गेला. ऑगस्ट २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्याच्या काही आठवडे आधी, पाकिस्तानच्या अणुखात्यातले निवृत्त शास्त्रज्ञ सुलतान बशीरुद्दीन महमूद अफगाणिस्तानात ओसामा बिन लादेनला भेटले होते. ४ फेब्रुवारी २००४ रोजी अब्दुल कादिर खान यांनी दूरचित्रवाणीवर येऊन इतर देशांना अणुतंत्र पुरवल्याची कबुली दिली. लीबिया, इराण आणि उत्तर कोरिया अशी त्या देशांची नावं पुढे आली.

तिसरा धोका मला सर्वांत मोठा वाटतो आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. अण्वस्त्राची राखण करणाऱ्यासमोर कायम दोन उलट मागण्या असतात. हुकुमाशिवाय ते कधीही चालता कामा नये आणि हुकूम आला की ते चाललंच पाहिजे. पहिलीसाठी सगळं सुटं करून, कुलपात, दूर ठेवावं लागतं. दुसरीसाठी सगळं जोडून, जवळ, हाताशी ठेवावं लागतं. एप्रिल २०११ मध्ये पाकिस्ताननं नस्र या फक्त ६० किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली. एवढ्या कमी पल्ल्याचं शस्त्र वापरायचं तर ते ट्रकवर चढवून सीमेजवळ न्यावं लागतं. शांततेत ते कुलपात सुरक्षित असेल, पण तणावात रस्त्यावर येईल, आणि रस्ता त्या देशाचा, जिथे लष्करी बसगाड्यांवर हल्ले झालेले आहेत. भारताशी तणाव वाढला की शस्त्र कुलपातून बाहेर काढायचं, आणि घरातल्या बंडखोरांची भीती वाढली की कुलपात घट्ट ठेवायचं. दोन्ही एकदम झालं तर काय करायचं, याचं सोपं उत्तर रावळपिंडीतल्या लष्करी मुख्यालयात कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

म्हणून काकांना मी म्हणालो, “बॉम्ब चोरीला जाण्याची भीती कमी आहे. घाबरलेल्या, आतून पोखरलेल्या सरकारनं घाईत चुकीचा अंदाज बांधण्याची भीती जास्त आहे.”

६. लढणारे गेले, शेजारी राहिला

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले आणि त्या महिन्याअखेर शेवटचा अमेरिकी सैनिक विमानात चढला. आता आपलीच माणसं काबूलला बसली, असं पाकिस्तानातल्या अनेकांना वाटलं होतं. झालं उलटं. तहरीक-ए-तालिबान पाकिस्तानला रेघेपलीकडे हक्काचा आसरा मिळाला आणि पाकिस्तानातले हल्ले वाढले. २०२३ च्या अखेरीस पाकिस्ताननं कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना हाकलायला सुरुवात केली. त्यांतले कित्येक तिथेच जन्मलेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात उघड चकमकी झडल्या आणि दोहामध्ये शस्त्रसंधी करावी लागली. काकांच्या समोरच्या टीव्हीवर तेच चाललं होतं.

मॉस्को काबूलपासून हजारो किलोमीटरवर आहे, वॉशिंग्टन त्याहूनही दूर. दोघांनाही परतायला घर होतं. पेशावरच्या माणसाला असं उठून जाता येत नाही.

आणि पाकिस्ताननं स्वतः काही केलं नाही, असंही नाही. झियांनी ती लढाई हौसेनं अंगावर घेतली, काही टोळ्या ‘आपल्या’ आणि काही ‘वाईट’ अशी वाटणी नंतरच्या लष्करशहांनी केली. वाळलेली तणस घरात भरून वर दिवा लावणाऱ्याचीही जबाबदारी आहे. पण त्याची किंमत निर्णय घेणाऱ्यांनी मोजली नाही. ती स्वातमधल्या शेतकऱ्यानं आणि पेशावरच्या आईनं मोजली.

७. आपल्या बांधीत आलेलं पाणी

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर रायगडच्या किनाऱ्यावर या. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी इथे आरडीएक्स आणि एके-५६ रायफली उतरल्या. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. एके-५६ ही चिनी बनावटीची रायफल. याच जातीच्या रायफली अफगाण लढवय्यांना मोठ्या प्रमाणावर दिल्या गेल्या होत्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यामागे असलेली लष्कर-ए-तैयबा ही संघटना अफगाण जिहादातच जन्मली. तिची पहिली प्रशिक्षण केंद्रं अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात होती. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हल्लेखोर कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. काबूलच्या लढाईपासून निघालेला एक धागा त्या हातांपर्यंत येतो. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली.

अशा प्रत्येक हल्ल्यानंतर मनात तीव्र संताप येतो आणि तो साहजिक आहे. पण त्याच वेळी समोरच्या देशात किल्ली कुणाच्या हातात आहे, त्याच्या मागे आणखी कोण उभं आहे, हेही पाहावं लागतं. दिल्लीला ते २००२ मध्ये पाहावं लागलं, २००८ मध्ये पाहावं लागलं आणि मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांतही.

या सगळ्या काळात एक लहानशी गोष्ट टिकून राहिली आहे आणि ती मला सांगायचीच आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो पंतप्रधान असताना इस्लामाबादला एक करार झाला. दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही आणि दर वर्षी १ जानेवारीला आपापल्या केंद्रांची यादी दुसऱ्याला द्यायची. तारापूरच्या अणुवीज केंद्राभोवती आणि तुर्भ्याच्या भाभा केंद्राभोवती लाखो मराठी माणसं राहतात. त्यांच्या डोक्यावरचं हे एक कागदी छत्र आहे. १ जानेवारी १९९२ पासून ही देवाणघेवाण चालू आहे. कारगिलनंतर ती झाली, संसदेवरच्या हल्ल्यानंतर झाली. मुंबईवरच्या हल्ल्याला सहा आठवडेही झाले नव्हते, ताज हॉटेलच्या घुमटावर आगीचे काळे डाग तसेच होते, तेव्हा १ जानेवारी २००९ रोजी दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी आपापल्या याद्या एकमेकांच्या हाती दिल्या.